साध्या गटिंग मशीनची घरच्या घरी सुधारणा: बॅडमिंटनच्या ड्रॉप-वेट मशीनसाठी क्रमवार मार्गदर्शन

क्लबात चार जण मिळून किंवा घरापुरतं म्हणून टेबलावर ठेवायचं ड्रॉप-वेट गटिंग मशीन (वजनाच्या भाराने रॅकेटला गट, म्हणजे तार, ताणून बसवणारं) घेतलं जातं. दांडा, त्यावर सरकणारं वजन, दांड्याबरोबर फिरून तार ओढणारा ड्रम, त्यावरचा तार पकडणारा ग्रिपर, रॅकेट धरणारे दोन खांब आणि ताणलेली तार धरून ठेवणारे दोन सुटे क्लॅम्प, एवढाच त्याचा पसारा असतो. पहिल्या दोन-तीन रॅकेट होतात आणि तक्रारी सुरू होतात. चोवीस पाउंडांवर ताणलेलं गटिंग बाविसासारखं लागतं, एक तार घट्ट तर शेजारची सैल येते, फ्रेम किंचित रुंदावलेली दिसते. मग बहुतेक जण ‘मशीनच हलकं आहे’ म्हणून महागड्या इलेक्ट्रॉनिक मशीनच्या किमती बघू लागतात.

ड्रॉप-वेटचं मूळ तत्त्व मात्र अगदी पक्कं आहे. वजन तेच, दांड्यावरचं अंतर तेच आणि ड्रमची त्रिज्या तीच असेल तर ताणही तोच येणार. गडबड असते ती आजूबाजूला: डगमगणारं बूड, कोरडं बेअरिंग, मेणचट झालेला ग्रिपर, फ्रेमला नीट न धरणारे खांब. या चारही गोष्टी घरच्या हत्यारांनी आणि एखाद्या लेथवाल्याच्या मदतीने सुधारता येतात. त्यासाठी क्रम मात्र पाळा. खालचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा आणि प्रत्येक टप्प्यानंतर मोजमाप घ्या. तीन बदल एकदम केले तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, ते कधीच कळत नाही.

आधी जमवायचं सामान

मोजण्यासाठी: ५० किलोचा हुकाचा डिजिटल काटा (प्रवासाच्या बॅगा तोलायचा), ३०० मि.मी.ची स्टीलची पट्टी, दोन गुण्ये आणि एक वही.

साफसफाईसाठी: मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, लिंट न सोडणारं सुती कापड, शिलाई मशीनचं तेल.

कामासाठी: ॲलन कीचा संच, हॅक्सॉ, अर्धगोल कानस, ४०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, ड्रिल, ५ मि.मी.चा बिट आणि एम६चा टॅप, एम६ आणि एम८चे नट-बोल्ट, नायलॉनचे वॉशर.

साहित्य: १८ मि.मी.चा प्लायवूड, साधारण ६०० × ४५० मि.मी.; स्वयंपाकघरातला जुना, जाड प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड; चांभाराकडून दीड ते दोन मि.मी. जाडीच्या चामड्याचे तुकडे. २५ × ५ मि.मी.ची ॲल्युमिनियमची पट्टी, मीटरभर.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत यातलं बरंचसं सामान एका फेरीत मिळून जातं. बेअरिंग घ्यायला जाताना जुना भाग किंवा शाफ्टचं नेमकं माप सोबत न्या. अंदाजाने आणलेलं बेअरिंग हमखास चुकतं.

आणि एक जुनी, वापरातून गेलेली रॅकेट बाजूला काढा. सगळ्या चाचण्या तिच्यावरच करायच्या. दुसऱ्याची किंवा नवी रॅकेट सुधारणा पूर्ण होईपर्यंत मशीनवर चढवू नका.

१. आहे तसं मशीन मोजा

आधी काटाच तपासून घ्या. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे वैधमापन विभागाचा शिक्का असलेली ५ किलोची वजनं असतात. अशी दोन वजनं मजबूत पिशवीत घालून काट्याला टांगा. रिकामी पिशवी आधी तोलून तेवढं वजा करा. काटा १० किलोला ९.९५ ते १०.०५ दाखवत असेल तर तो या कामाला पुरेसा आहे. त्याहून जास्त फरक पडला तर काटा बदला. चुकीच्या काट्याने जुळवलेलं मशीन न जुळवलेल्या मशीनपेक्षा वाईट, कारण त्यावर तुमचा विश्वास बसलेला असतो.

आता काट्याचं एक टोक जाड, न ताणणाऱ्या दोरीने रॅकेट धरणाऱ्या खांबाला बांधा. दुसऱ्या टोकाच्या हुकाला गटचा तुकडा बांधून तो नेहमीसारखा ग्रिपरमध्ये धरा. दोरी, काटा आणि गट एका सरळ आडव्या रेषेत यायला हवेत. दांडा हाताने हळू खाली सोडा, आडवा झाला की दहा सेकंद थांबा आणि आकडा वाचा.

मशीनवर खुणा पाउंडात असतात आणि काटा किलोत दाखवतो, म्हणून ही मापं वहीत लिहून ठेवा: २० पाउंड म्हणजे ९.०७ किलो, २२ म्हणजे ९.९८, २४ म्हणजे १०.८९, २६ म्हणजे ११.७९, २८ म्हणजे १२.७० आणि ३० म्हणजे १३.६१ किलो.

प्रत्येक खुणेवर पाच वेळा मोजा. सरासरीपेक्षा पाच आकड्यांमधलं अंतर जास्त महत्त्वाचं आहे. मशीन दर वेळी २४च्या खुणेवर १०.४ किलो दाखवत असेल तर काम सोपं आहे, नवी खूण केली की झालं. पण ते कधी १०.३, कधी १०.९ दाखवत असेल तर खुणांना हात लावू नका. दोष घर्षणात किंवा ग्रिपरमध्ये आहे आणि तो आधी काढायला हवा.

सावध राहा: बॅगांचे काही काटे आकडा स्थिर झाला की तिथेच अडकवून ठेवतात. अशा काट्याने दर वाचनाआधी काटा बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर मागचाच आकडा वाचत बसाल.

२. बूड पक्कं करा

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढे सगळीकडे अडतात. टेबलावर सरकणारं मशीन दांडा सोडताना दर वेळी थोडं फिरतं. तुम्ही एका हाताने मशीन आणि दुसऱ्या हाताने दांडा धरता, मग क्लॅम्प लावायला हात उरत नाही.

मशीन १८ मि.मी.च्या प्लायवर एम८च्या बोल्टांनी घट्ट बसवा. बोल्टांची डोकी खालच्या बाजूला खड्ड्यात बुडवा, म्हणजे फळी सपाट बसेल. खाली सायकलच्या ट्यूबचे चौकोन चिकटवा आणि फळी टेबलाला दोन जी-क्लॅम्पने आवळा.

त्याहून उत्तम पर्याय म्हणजे जुन्या पायमशीनचा, म्हणजे शिलाई मशीनचा ओतीव लोखंडी स्टँड. भंगारवाल्याकडे अजून मिळतो. तो जड असतो, चारही पायांवर ठाम उभा राहतो आणि त्यावर गटिंग मशीन ठेवलं की रॅकेट साधारण कोपराच्या उंचीला येते. उंची महत्त्वाची आहे. एका रॅकेटला नवशिक्याचे दीड-दोन तास जातात. मशीन खाली असेल तर मान वाकते आणि शेवटच्या आडव्या तारा विणताना चुका होतात. स्टँडच्या पायांखाली चाकं असतील तर ती काढून टाका.

मशीन फळीच्या अगदी कडेला बसवा, म्हणजे दांड्याला खाली जायला मोकळी जागा राहील. वजन दांड्यावरून घसरून पायावर पडू नये म्हणून दांड्याच्या टोकाला एक होज क्लिप आवळून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. फिरत्या भागांचं घर्षण काढा

ड्रमच्या शाफ्टमध्ये घर्षण किती आहे ते काट्यानेच कळतं. मघासारखा काटा लावून दांडा वरून हळू खाली सोडा आणि आकडा लिहा. मग दांडा बोटाने किंचित खाली दाबून सोडून द्या आणि पुन्हा आकडा वाचा. खाली येताना घर्षण वजनाच्या विरुद्ध काम करतं, म्हणून पहिला आकडा कमी येतो. दाबून सोडल्यावर ते उलट्या बाजूने काम करतं, म्हणून दुसरा जास्त येतो. २४ पाउंडांच्या आसपास दोन आकड्यांत २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल, तर घर्षणाने जवळपास अर्ध्या पाउंडाची अनिश्चितता आणली आहे.

ड्रम उघडा, जुनं काळं ग्रीस टर्पेंटाइनने धुवा, कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब सोडा. जाड ग्रीस भरू नका, ते थंडीत आळतं आणि धूळ धरून ठेवतं. बहुतेक मशीनमध्ये एवढ्यानेच फरक अर्ध्यावर येतो.

नाही आला तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) झिजला आहे. लेथवाल्याकडून बुशच्या जागी बॉल बेअरिंग बसवून घेता येतं. शाफ्ट १० मि.मी.चा असेल तर ६००० नंबरचं (बाहेरून २६ मि.मी., जाडी ८), १२ मि.मी.चा असेल तर ६००१ नंबरचं (बाहेरून २८, जाडी ८) लागेल. दोन्ही बाजूंना एकेक बसवा. एकाच बाजूला बसवलं तर शाफ्ट तिरका ओढला जातो आणि घर्षण वाढतं.

रॅकेटचं फिरतं टेबलही हलवून बघा. वर-खाली झोल असेल तर खाली नायलॉनचा वॉशर घाला. काही जण इथे थ्रस्ट बेअरिंग (वरून येणारा भार पेलणारं) बसवतात. १२ मि.मी.च्या शाफ्टला ५११०१ नंबरचं चालतं आणि टेबल लोण्यासारखं फिरतं. पण त्या बेअरिंगची जाडी ९ मि.मी. असते, म्हणजे अख्खी रॅकेट ९ मि.मी. वर जाते. मग गट ग्रिपरकडे उतरता जातो, ग्रोमेटच्या (फ्रेमच्या छिद्रातल्या प्लास्टिकच्या नळीच्या) कडेवर घासतो आणि ताण तारेपर्यंत पूर्ण पोचत नाही. बेअरिंग बसवायचंच असेल तर तेवढ्याच जाडीचा तुकडा ग्रिपरच्या आधाराखालीही घाला. रॅकेटच्या फ्रेमचा मध्य आणि ग्रिपरचं तोंड एका उंचीला आहेत हे पट्टी लावून बघा.

टेबलाला ब्रेक नसेल तर तोही इथेच करून घ्या. टेबलाच्या स्थिर भागात ५ मि.मी.चं भोक पाडून एम६चे आटे पाडा आणि विंग बोल्ट लावा. बोल्टाच्या टोकाला नायलॉनचा छोटा तुकडा ठेवा, म्हणजे शाफ्टला ओरखडे पडणार नाहीत. आडव्या तारा विणताना टेबल स्थिर राहिलं की काम फार सोपं होतं.

४. ग्रिपर: तेल नको, धार नको

गटवर कारखान्यातून येतानाच एक लेप असतो. तो ग्रिपरच्या जबड्यात साठतो आणि पाच-सहा रॅकेटांनंतर गट सरकू लागतो. ओळखायची खूण म्हणजे ग्रिपरमधून निघालेल्या तारेवर पांढुरकी खरवड दिसते. अशा वेळी लोक जबडा आणखी आवळतात. त्याने गट चपटा होतो आणि नंतर नेमका तिथेच तुटतो. आवळायच्या आधी टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जबडे घासा आणि पूर्ण वाळू द्या. दर पाच रॅकेटांनंतर हे करायची सवय लावा.

जबडे गुळगुळीत झिजले असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गटच्या दिशेला आडवे, हलके ओरखडे द्या. मग जबड्याच्या कडांवरून १००० नंबरचा पेपर फिरवून त्या गोल करा. ही कड फार महत्त्वाची आहे. बोटाच्या नखाला जाणवेल एवढी धारसुद्धा ०.६५ मि.मी.च्या पातळ गटला कापते. बीजी-६५सारखा ०.७० मि.मी.चा गट ते सोसतो, बीजी-६६ अल्टिमॅक्ससारखा ०.६५चा सोसत नाही. म्हणून सरावासाठी आणि चाचणीसाठी ०.७०चाच गट वापरा.

जबड्यात पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवण्याची युक्ती सुचवली जाते. ती करू नका. पकड येते खरी, पण खड्यांनी गटचं आवरण सोललं जातं.

ग्रिपर गोल ड्रमचा असेल तर जबड्यात जायच्या आधी गटचा एक पूर्ण वेढा ड्रमवर द्या. बराचसा भार वेढ्यावरच्या घर्षणाने पेलला जातो आणि जबड्यावरचा दाब कमी होतो. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. चढले की ड्रमची त्रिज्या वाढते आणि ताण कमी येतो.

५. फ्रेमला चारी बाजूंनी आधार द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रॅकेट मोडते ती इथेच.

हिशेब साधा आहे. बॅडमिंटनच्या रॅकेटला सहसा २२ उभ्या तारा असतात. प्रत्येकी २४ पाउंड धरले तर ५२८ पाउंड, म्हणजे जवळपास २४० किलोंचा भार फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आत ओढत असतो. आडव्या तारा अजून आलेल्या नसतात, त्यामुळे डोकं आखूड आणि रुंद होऊ पाहतं. मशीनचे दोन खांब आतून टेकू देतात, पण खांबाची टेकायची जागा बोटभर असते आणि सगळा भार तिथेच एकवटतो.

पहिला बदल खांबांच्या टोकांना. चॉपिंग बोर्डाच्या प्लास्टिकमधून ३५ ते ४० मि.मी. रुंदीचे दोन ठोकळे कापा. रॅकेट कागदावर ठेवून आतल्या बाजूने पेन्सिलने वळण काढून घ्या आणि अर्धगोल कानशीने ठोकळ्याला तोच बाक द्या. ठोकळा फ्रेमला लावून मागून टॉर्च धरा. जिथून उजेड येतो तिथे टेकत नाही, तर जिथे टेकतो तिथे अजून घासा. उजेड दिसेनासा झाला की बाक जमला. मग ग्रोमेट येतात तिथे गट जाण्यापुरत्या खाचा काढा, नाहीतर त्या छिद्रांतून तार ओवताच येणार नाही. फ्रेमच्या बाजूला चामड्याचा पट्टा चिकटवा आणि ठोकळा खांबाला एम६च्या बोल्टाने खालून पक्का करा.

दुसरा बदल बाजूच्या हातांचा. ॲल्युमिनियमच्या पट्टीचे चार हात कापा, प्रत्येकात ६ मि.मी. रुंद आणि ४० मि.मी. लांब अशी चीर पाडून घ्या. ती लेथवाल्याकडूनच पाडून घेतलेली बरी, हाताने सरळ येत नाही. हे हात फिरत्या टेबलाला अशा जागी बसवा की ते फ्रेमला बाहेरून, घड्याळाच्या २, ४, ८ आणि १० या आकड्यांच्या आसपास टेकतील. टोकांना चॉपिंग बोर्डाचे छोटे ठोकळे आणि चामडं लावा.

आता सर्वात मोठा सापळा. हे हात फ्रेमला दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे. काम सुरू करताना हात आणि फ्रेम यांच्यामध्ये साधा कागद अडखळत का होईना पण सरकायला हवा. आधीच दाबून आवळले तर रिकामी फ्रेम आत चेपली जाते आणि उभ्या तारांच्या ताणाबरोबर कार्बनला तडा जाण्याची भीती असते. उभ्या तारा झाल्यावर हात फ्रेमला घट्ट चिकटलेले दिसतील, ते बरोबर आहे. त्यांना तसंच राहू द्या, शेवटची आडवी तार बांधेपर्यंत एकही बोल्ट सैल करू नका.

परीक्षा अशी घ्या. गट नसलेल्या रॅकेटची लांबी आणि रुंदी, बाहेरून दोन गुण्ये लावून स्टीलच्या पट्टीने मोजा. उभ्या तारांनंतर मशीनवरच मोजा आणि सगळं पूर्ण करून रॅकेट उतरवल्यावर पुन्हा मोजा. शेवटचं माप सुरुवातीच्या १ मि.मी.च्या आत आलं तर आधार उत्तम. ३ मि.मी.हून जास्त फरक असेल तर तारा ओढायच्या नाहीत, आधी आधार दुरुस्त करायचा. आडव्या तारा उभ्यांपेक्षा २ पाउंड जास्त ठेवण्याची पद्धत आहे ती याचसाठी: रुंदावलेली फ्रेम परत मूळ आकारात येते.

मधेच तार तुटली किंवा काम सोडून द्यावं लागलं तर रॅकेट तशीच मशीनवरून काढू नका. मधल्या तारेपासून बाहेर, एकदा डावीकडची आणि एकदा उजवीकडची अशा क्रमाने तारा कापा आणि मगच आधार सोडा.

६. सुटे क्लॅम्प: आवळण्याआधी धुवा

सुटा क्लॅम्प ताणलेल्या तारेला शेजारच्या तारेच्या आधाराने धरतो. दांडा वर उचलला की तो थोडा मागे कलतो आणि ताण उतरतो. हा दोष पूर्ण जात नाही, कमी करता येतो.

क्लॅम्प सरकतो की नुसता कलतो, हे आधी ओळखा. तार ताणलेली असताना क्लॅम्पच्या तोंडाशी बारीक पेनने खूण करा आणि दांडा वर उचला. खूण क्लॅम्पपासून लांब गेली तर तो सरकतो आहे. अशा वेळी दात अल्कोहोलने धुवा, वाळवा, पुन्हा बघा. तरीही सरकला तर समायोजनाचा स्क्रू एका वेळी पाव फेराच आवळा. तारेवर पांढरी दातांची खूण उमटली की जास्त आवळलं आहे, लगेच मागे फिरा.

खूण जागेवर आहे पण क्लॅम्प कलतो आहे, तर तो फ्रेमच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा. पहिल्या दोन उभ्या तारांना शेजारी आधारच नसतो, म्हणून तिथे सगळ्यात जास्त ताण उतरतो. त्यासाठी स्प्रिंगचा स्टार्टिंग क्लॅम्प घ्या आणि पहिली तार फ्रेमच्या बाहेरून धरा. त्याच्या आणि ग्रोमेटच्या मध्ये चामड्याचा तुकडा ठेवा, नाहीतर ग्रोमेट चेपतं. तिसरा सुटा क्लॅम्पही जवळ असू द्या, गाठ बांधताना त्याची किंमत कळते.

सुट्या क्लॅम्पचे घरच्या घरी ‘फिक्स’ क्लॅम्प, म्हणजे टेबलाच्या रुळांवर पक्के बसणारे, करण्याचा खटाटोप करू नका. रूळ दोन्ही बाजूंना काटेकोर समांतर हवेत आणि तळ अजिबात वाकता कामा नये. घरी ते जमत नाही, आणि अर्धवट रूळ सुट्या क्लॅम्पपेक्षा जास्त ताण खातो.

७. दांड्यावर स्वतःच्या खुणा करा

आता, आणि आताच, खुणांना हात लावा. ताण आणि वजनाचं अंतर यांचं नातं सरळ रेषेचं असतं, त्यामुळे दोन ठिकाणी नीट मोजलं की बाकीच्या खुणा गणिताने निघतात.

समजा, वजन १०० मि.मी.वर असताना काटा ७.२० किलो दाखवतो आणि ३०० मि.मी.वर १३.२० किलो. म्हणजे २०० मि.मी.ला ६ किलो, दर मि.मी.ला ०.०३ किलो. २४ पाउंड म्हणजे १०.८९ किलो, ७.२०च्या वर ३.६९ किलो. ३.६९ भागिले ०.०३ म्हणजे १२३. तेव्हा २४ची खूण १०० अधिक १२३, अर्थात २२३ मि.मी.वर. याच हिशेबाने २६ची २५३ मि.मी.वर येते. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे येतील, रीत हीच.

कागदी टेपवर बारीक रेघा काढा, दांड्यावर चिकटवा, वरून पारदर्शक टेप लावा. मग २२ आणि २८ या दोन खुणा पुन्हा काट्याने तपासा. चुकल्या तर मधल्या एखाद्या मापात गफलत आहे, सरसकट टेप सरकवू नका.

दांडा अगदी पाणसळीत यायला हवा म्हणून त्यावर बुडबुड्याची नळी बसवली जाते. बसवा, पण तिच्यापायी वेळ घालवू नका. दांडा आडव्यापासून ५ अंश वर किंवा खाली असला तर ताण ०.४ टक्का कमी होतो, १० अंशांना १.५ टक्के, म्हणजे २४ पाउंडांत एक तृतीयांश पाउंडाच्या आसपास. २० अंशांना मात्र ६ टक्के जातात, म्हणजे जवळपास दीड पाउंड. पुठ्ठ्यावर वर-खाली १० अंशांच्या दोन रेघा काढून तो पुठ्ठा दांड्याच्या मुळाशी चिकटवा. दांडा त्या रेघांच्या आत थांबला की पुढे चला. बाहेर गेला तर दांडा वर घ्या, गट पुन्हा धरा आणि परत सोडा.

दांडा सोडताना हात काढून घेऊ नका. एकदम सुटलेलं वजन वेगाने खाली येतं आणि क्षणभर ठरवलेल्या ताणापेक्षा कितीतरी जास्त झटका देतं. दोन-तीन सेकंदांत, हाताच्या आधाराने खाली आणा, प्रत्येक तारेला तेवढाच वेळ द्या.

८. हाताशी हव्यात अशा दोन वस्तू

सायकलच्या चाकाची आरी (स्पोक), १४ गेजची, २ मि.मी. जाडीची. टोक कानशीने निमुळतं करून शेवटी गोल, गुळगुळीत घासा आणि मागे लाकडी मूठ बसवा. एका छिद्रातून दोन तारा जातात तिथे आधीची तार बाजूला सारायला ही उत्तम. चांभाराची टोकदार आरी इथे चालत नाही, ती आधीच्या तारेला भोसकते.

आणि रॅकेटखाली, टेबलावर, पांढऱ्या गटसाठी काळा कागद आणि काळ्या गटसाठी पांढरा. बाजूने एलईडीची पट्टी लावा. विणताना वर-खालीची चूक लगेच डोळ्यात येते.

९. इलेक्ट्रॉनिक ओढणीचा विचार

मोटर, लोड सेल (ताण मोजणारा भाग) आणि त्याचं वाचन आकड्यांत देणारी एचएक्स७११ नावाची छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी वापरून घरी इलेक्ट्रॉनिक ओढणी बनवता येते. दांडा काढून त्या जागी ती बसते आणि ताण उतरला की स्वतःच पुन्हा ओढते. हौस असेल तर जरूर करा, पण वरचे सात टप्पे पूर्ण झाल्यावरच. डगमगती फ्रेम आणि सरकते क्लॅम्प असतील तर अचूक ओढणीचाही उपयोग नाही. एचएक्स७११ सेकंदाला १० किंवा ८० वेळा वाचन देऊ शकते. ती ८०वर ठेवा, नाहीतर मोटर थांबेपर्यंत ताण पुढे गेलेला असतो. बंद करायचं बटण मोठं, हाताच्या टप्प्यात आणि थेट मोटरचा पुरवठा तोडणारं हवं.

१०. पहिल्या तीन रॅकेट

तिन्ही रॅकेट २२ पाउंडांवर करा, आडव्या २४वर. फ्रेमवर किंवा मुठीच्या वरच्या निमुळत्या टोपीवर (कोनवर) छापलेली कमाल मर्यादा आधी वाचा आणि तिच्या खालीच राहा. वहीत प्रत्येकीसाठी तारीख, गट, उभा-आडवा ताण, फ्रेमची तिन्ही मापं आणि कुठे काय अडलं ते लिहा.

गटिंग झाल्यावर जाळीच्या मध्यावर टिचकी मारा आणि मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने स्वर मोजा. ताणाचा एक पाउंड कमी झाला तर २४च्या आसपास वारंवारता सुमारे २ टक्के उतरते. या आकड्यावरून दोन वेगळ्या रॅकेटांची तुलना करू नका, पण तीच रॅकेट, तोच गट आणि तोच ताण असताना तीन वेळचे आकडे जवळजवळ आले तर मशीन जागेवर आलं आहे. मग २४ला जा आणि तिथेही तीन रॅकेट नीट झाल्याशिवाय २६ला हात घालू नका. दर पंचवीस रॅकेटांनंतर काटा काढून पहिला टप्पा पुन्हा करा. चामडं चेपलं असेल तर तेव्हाच बदला.